अर्धा इंची गोटी पाना संच : काटोलच्या थंडीत एक हिवाळा वापरल्यानंतर

आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळ्याच्या अखेरीस येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, संत्र्याच्या बागेला ताण द्यायचा म्हणून डिसेंबरात पाणी तोडले, की आमच्या विहिरीवरचा पंप काही आठवडे थांबतो. वर्षभरात यंत्रे उघडून पाहण्याची सवड मिळते ती याच दिवसांत, आणि उघड्यावर लोखंडाला हात लावणे सर्वांत अवघड असते तेही याच दिवसांत. गेल्या हिवाळ्यात नागपूर जिल्ह्यातील काटोल तालुक्यातील आमच्या वावरात मी आणि बाबांनी दुरुस्तीची जी कामे केली, ती बहुतेक सगळी एका नव्या गोटी पाना संचाने केली (गोटी म्हणजे नटावर चढवायची पोकळ टोपी, सॉकेट). तो संच थंडीत कसा वागला, कोठे उपयोगी पडला आणि कोठे अपुरा ठरला, हे त्या वर्गातला संच घेऊ पाहणाऱ्यांसाठी सविस्तर लिहीत आहे.

संच अर्धा इंची चौकोनी ड्राइव्हचा (गोटी ज्या चौकोनी टोकावर चढते ते अर्ध्या इंचाचे), क्रोम-व्हॅनेडियम पोलादाचा, २४ नगांचा आहे. त्यात १० ते २४ मिलिमीटरपर्यंतच्या सर्व आणि २७, ३० व ३२ च्या मिळून अठरा गोट्या आहेत. शिवाय रॅचेट (गोटी नटावरून न काढता मागे-पुढे हलवून एकाच दिशेने फिरवणारी मूठ), सरकती टॉमी (गोटी फिरवायचा साधा आडवा दांडा), एल हँडल, एक आखूड आणि एक लांब एक्स्टेन्शन (जोडदांडा) व युनिव्हर्सल जॉइंट (तिरपा वळणारा सांधा) अशा सहा वस्तू आहेत. मला तो साडेतीन हजार रुपयांच्या थोडा आत मिळाला. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण याच मापांचे, याच पोलादाचे आणि जवळजवळ याच मांडणीचे संच एकाहून अधिक कंपन्या विकतात आणि पुढे लिहिलेल्या गोष्टी त्यांपैकी कोणताही संच घेताना तपासून पाहण्यासारख्या आहेत.

खरेदी नागपूरच्या इतवारीतील लोहाओळीत केली. चारचाकी घेऊन त्या भागात जाण्याचा विचार कोणी करू नये. मी मेट्रोने चितार ओळी चौकापर्यंत गेले आणि तेथून पायी. या गल्लीचा मोठा गुण असा, की येथे हत्यार खोक्यातून बाहेर काढून हातात देतात, गोटी रॅचेटवर चढवून पाहू देतात आणि एखादी गोटी नको असेल तर ती बदलूनही देतात. मी ज्या दुकानात गेले तेथील काकांनी पहिला प्रश्न विचारला तो किमतीचा नव्हता. त्यांनी विचारले, “ताई, नट नवे आहेत की गंजलेले?” गंजलेले आहेत असे सांगताच त्यांनी पुढे केलेला बारा कोनांचा संच मागे घेतला आणि सहा कोनांचा काढला. बारा कोनांची गोटी नटावर दर ३० अंशांना बसते, त्यामुळे ती चटकन चढते. सहा कोनांची मात्र ६० अंशांनीच बसते, पण नटाच्या कोपऱ्यांऐवजी त्याच्या सपाट बाजूंवर भार टाकते. झिजलेल्या, गंजाने फुगलेल्या नटाचे कोपरे गोल होऊ द्यायचे नसतील, तर दुसरीच घ्यावी. त्या एका प्रश्नाने माझे निदान दोन बोल्ट तरी वाचवले, हे पुढे दिसून आले.

नागपूर म्हटले की लोकांना ४५ अंशांचा उन्हाळाच आठवतो; परंतु याच नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी किमान तापमान ३.५ अंशांवर उतरले होते. शिवाय वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास उंचीवर, लाकडी झडपांच्या पेटीत ठेवलेला असतो. निरभ्र आकाशाच्या आणि वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता वर सोडून देते, थंड हवा जड असल्याने उताराने खाली वाहते आणि नाल्याकाठच्या खोलगट वावरात साचून राहते; म्हणून शहरात ९ अंश असले, तरी आमच्या नाल्यावरच्या इंजिनापाशी त्याहून बरीच अधिक थंडी असते. लाकडापेक्षा लोखंड उष्णता कितीतरी अधिक वेगाने वाहून नेत असल्यामुळे त्याच थंडीत कुदळीचा दांडा धरवतो, पण पाना धरवत नाही. माझ्या संचाच्या रॅचेटला संपूर्ण पोलादी, खरबरीत दाणेदार मूठ आहे. तेलकट हातातून ती निसटत नाही, हे खरे; पण सकाळी सातला ती अक्षरशः चावते. ज्यांना हिवाळ्यात पहाटे काम करावे लागते त्यांनी रबरी मुठीचे रॅचेट घ्यावे, किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा मुठीवर ओढून बसवावा. आम्ही ट्यूबचा उपाय केला आणि तो हिवाळाभर टिकला.

खरी अडचण आली ती रॅचेटच्या आत. पहिल्याच सकाळी, पऱ्हाट्यांची शेकोटी पेटण्याआधी, मी नाल्यावरच्या इंजिनाच्या पाट्याचे बोल्ट कसायला घेतले, आणि रॅचेट एकाही दिशेने नीट पकडेना. मूठ मागे नेली की कट-कट असा जो स्पष्ट आवाज यायला हवा तो येत नव्हता आणि जोर लावला की मूठ मध्येच मोकळी फिरत होती. नवे हत्यार सदोष निघाले या समजुतीने मी ते परत नेण्यासाठी खोक्यात ठेवलेही. दुपारी अकराच्या उन्हात तेच रॅचेट बाबांनी सहज हातात घेतले, तर ते व्यवस्थित चालत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तीच तक्रार आली, तेव्हा कारण लक्षात आले. रॅचेटच्या डोक्यात दातेरी चाकाला अडवणारा एक छोटा खटका असतो आणि त्याला मागून एक नाजूक स्प्रिंग ढकलत असते. कारखान्यात त्या पोकळीत भरलेले ग्रीस थंडीत इतके घट्ट होत होते, की स्प्रिंगचा जोर त्याला पुरा पडत नव्हता आणि खटका दात्यांत पूर्ण शिरण्याआधीच दाता पुढे निघून जात होता.

उपाय सोपा आहे, पण तो घरात, उजेडात आणि पांढऱ्या फडक्यावर करावा, कारण स्प्रिंग उडाली तर मातीत सापडत नाही. रॅचेटच्या पाठीवरचे दोन छोटे स्क्रू काढून झाकण उचलले, खटका आणि स्प्रिंग ज्या क्रमाने व ज्या दिशेने होते त्याचे मोबाइलवर छायाचित्र घेतले, सगळे भाग रॉकेलने धुऊन पुसले आणि शिलाई यंत्राच्या पातळ तेलाचे तीन-चार थेंब सोडून पुन्हा जुळवले. त्यानंतर संपूर्ण हिवाळ्यात, अगदी दव पडलेल्या सकाळीही, रॅचेटने एकदाही दगा दिला नाही. या गोष्टीला मी संचाचा मोठा दोष मानत नाही. आमच्याकडे मे महिन्यात उन्हात ठेवलेले पोलाद हाताला भाजते, आणि पातळ तेल त्या उष्णतेत ओघळून जाईल. घट्ट ग्रीस भरणाऱ्याने तो विचार केलेला असू शकतो. परंतु रॅचेट उघडता येते आणि ते उघडून साफ करावे लागते, हे संचासोबतच्या कागदावर एका ओळीत तरी लिहायला हवे होते. दुकानात परत गेलेल्या रॅचेटांपैकी किती केवळ ग्रीसमुळे परत गेली असतील, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

बागेला ताण असला तरी नाल्याकाठच्या गव्हाच्या तुकड्याला पाणी द्यावेच लागते, आणि वीज रात्रीच्या पाळीला असली की दिवसाच्या पाण्यासाठी आम्ही तेथील पाच अश्वशक्तीचे, १५०० फेऱ्यांचे डिझेल इंजिन वापरतो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी ते सुरूच होईना. डिकॉम्प्रेशनची (सिलिंडरमधला दाब सोडणारी) कळ उचलून हँडल मारायचे, चाकाने वेग घेतला की कळ सोडायची, दोन ठोके मिळायचे आणि पुन्हा शांतता. थंडीत डिझेल इंजिन जड सुरू होते, याची कारणे सर्वांना ठाऊक आहेत. दाबल्यामुळे तापलेल्या हवेची उष्णता गार सिलिंडर शोषून घेतो, आणि घट्ट झालेल्या ऑइलमुळे हँडलला पुरेसा वेग येत नाही. म्हणून आम्ही पाण्याच्या जॅकेटमध्ये कोमट पाणी ओतले. तरीही फरक पडला नाही. नोझल (डिझेलचा फवारा मारणारा भाग) खराब झाली असे समजून ती काढायला घेतली, आणि तेथे संचाची पहिली उणीव दिसली. नोझल दोन स्टडवर (डोके नसलेल्या बोल्टांवर) बसवलेली होती आणि नटाच्या वर स्टडचा बराच भाग निघालेला होता, त्यामुळे साधी गोटी स्टडच्या टोकाला टेकत होती आणि नटावर जेमतेम अर्धी बसत होती. अशा जागी खोल पोकळीची लांब गोटी लागते. या संचात एकही लांब गोटी नाही. अर्ध्या पकडीवर जोर लावण्याऐवजी आम्ही रिंग पाना वापरला, आणि पुढच्या फेरीत लोहाओळीतून १३ व १७ च्या दोन लांब गोट्या सुट्या आणल्या. इंजिनावर काम करणाऱ्याने त्या पहिल्याच दिवशी घ्याव्यात.

नोझलमध्ये काहीही बिघाड नव्हता. बिघाड सापडला तो डिझेल फिल्टरमध्ये; आत डिझेल दुधासारखे गढूळ झाले होते आणि फिल्टरच्या कागदावर साय धरल्यासारखा थर होता. ते मेण होते. डिझेलमध्ये मुळातच मेणाचा अंश असतो, तापमान उतरले की त्याचे बारीक कण बनतात आणि ते फिल्टर अडवू लागतात. भारतीय मानकात ही मर्यादा ऋतूनुसार वेगळी ठेवलेली आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या हिवाळी महिन्यांत विकले जाणारे डिझेल ६ अंशांपर्यंत फिल्टरमधून जायला हवे, तर इतर महिन्यांत १८ अंशांपर्यंत चालते. आमचे पिंप सप्टेंबरात भरलेले होते. ते उन्हात आणून ठेवले, फिल्टरवर गरम पाण्यात पिळलेले फडके गुंडाळले, त्यात ताजे डिझेल भरून हवा काढली आणि इंजिन चौथ्या हँडलला सुरू झाले. येथे रॅचेटने वेळ मोठ्या प्रमाणात वाचवला. फिल्टरची जागा इंजिन आणि चौथऱ्याची भिंत यांच्या बेचक्यात असल्याने साध्या पान्याला फिरायला वाव नव्हता, तेथे आखूड एक्स्टेन्शन लावून बोल्ट मिनिटभरात निघाला. रॅचेटला जितके दाते अधिक तितकी ते कमी जागेत चालते. २४ दात्यांच्या रॅचेटला एका टप्प्यासाठी मूठ १५ अंश हलवावी लागते, ७२ दात्यांच्या रॅचेटला केवळ ५ अंश. माझ्या संचातले बारीक दात्यांचे आहे आणि अशा बेचक्यात त्याचे मोल कळते.

फवारणीच्या पंपाची पाळी त्यानंतर आली. त्याची बॉडी ॲल्युमिनियमची आणि बोल्ट लोखंडी, मागच्या पावसाळ्यापासून न उघडलेले. ॲल्युमिनियम थंडीत लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट आकसते. आठ मिलिमीटरच्या बोल्टभोवती हा फरक केसाच्या जाडीहूनही फार कमी भरतो, पण आट्यांमध्ये गंज आणि औषधाची पूड आधीच दाटून बसलेली असेल, तर तेवढी पकडही पुरेशी होते. सकाळी १३ च्या गोटीने एकही बोल्ट हलला नाही. बाबांनी मला जोर लावू दिला नाही. रॉकेल सोडून ठेवले, दुपारी बॉडीवर कढत पाणी ओतले आणि मग टॉमीने चारही बोल्ट एक-एक करून सोडवले. त्यांपैकी दोघांचे कोपरे आधीच झिजलेले होते. सहा कोनांच्या गोटीने त्यांना तरीही धरून ठेवले. जाम बोल्ट सोडवण्याचे काम रॅचेटने कधीही करू नये, हे येथे आवर्जून सांगावेसे वाटते. पाव मीटरच्या मुठीवर २० किलोचा जोर लावला तर बोल्टवर पाच किलोग्रॅम-मीटरचा (जोर गुणिले मुठीची लांबी) पीळ पडतो. त्याच मुठीवर पाऊण मीटरचा पाइप चढवला की तो पंधरा होतो, आणि हा सगळा भार त्या चिमुकल्या खटक्यावर येतो. आधी टॉमीने सैल करावे, मग रॅचेटने फिरवून काढावे. संचातली टॉमी जाड आणि भक्कम आहे, आणि मला ती रॅचेटपेक्षाही अधिक आवडली.

विहिरीवरचे इंजिन मात्र या संचाच्या आवाक्याबाहेर राहिले. ते आजोबांच्या काळातले, ६५० फेऱ्यांचे, संथ चालीचे, दोन जड चाकांचे आहे. संच पाहताच बाबा म्हणाले होते, “हे आपल्या विहिरीवरच्या इंजिनाले लागणार नाही, त्याचे नट सुताचे हायेत.” एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग; तीन सूत म्हणजे ३/८ इंच, चार सूत म्हणजे अर्धा इंच. हे माप बोल्टच्या जाडीचे असते, नटाच्या सपाट बाजूंमधील अंतराचे नव्हे, आणि त्यामुळेच नव्या माणसाचा गोंधळ होतो. या आट्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये मांडलेल्या ब्रिटिश मानकाच्या, ५५ अंशांच्या; आजच्या मेट्रिक आट्या ६० अंशांच्या.

मी व्हर्नियर घेऊन आजोबांचे जुने पाने आणि माझ्या गोट्या यांची मापे ताडून पाहिली, कारण ही माहिती मला कोठेही एकत्र मिळाली नव्हती. तीन सुताच्या व्हिटवर्थ पान्याचे तोंड ०.७१० इंच, म्हणजे १८.०३ मिलिमीटर, १८ ची गोटी तेथे जणू त्यासाठीच बनवल्यासारखी बसते. साडेतीन सुताचे ०.८२० इंच, म्हणजे २०.८३ मिलिमीटर, २१ ची गोटी थोडी हलते, पण झिजलेला नट नसेल तर चालते. चार सुताचे ०.९२० इंच, म्हणजे २३.३७ मिलिमीटर, येथे २३ ची गोटी चढत नाही आणि २४ ची अर्ध्या मिलिमीटरहून अधिक खेळते. नेमके याच मापाचे नट आमच्या इंजिनाच्या हेडवर (सिलिंडरच्या झाकणावर) आहेत. हेडचे नट आलटून-पालटून, समोरासमोर, तीन टप्प्यांत सारख्या जोराने कसायचे असतात, आणि सैल गोटीने ते काम करणे म्हणजे नट आणि पॅकिंग दोन्ही गमावणे. म्हणून आजोबांच्या पत्र्याच्या पेटीतले काळे पडलेले सुती पाने आम्ही रॉकेलने धुतले आणि हेड त्यांनीच कसले. ज्यांच्याकडे अशी जुनी इंजिने आहेत त्यांनी हा संच घेताना जुने पाने भंगारात देऊ नयेत. लोहाओळीतही सुती मापाच्या गोट्या मागितल्यावर दुकानदाराला शोधाव्या लागल्या.

पेटी प्लास्टिकची आहे. तिच्या खाचा अजून गोट्या घट्ट धरतात, परंतु एका कडीची बिजागरी पहिल्याच महिन्यात, एका थंड सकाळी झाकण उघडताना तुटली. गोट्यांवरील मापांचे आकडे खोल कोरलेले आहेत आणि काळोखात बोटांनीही लागतात, हे मला विशेष आवडले. क्रोमचा मुलामा कोठेही निघालेला नाही. मात्र रात्रभर वावरात राहिलेला गार संच सकाळी चूल पेटलेल्या घरात आणला, की मिनिटभरात त्यावर पाण्याचे बारीक थेंब धरतात. ते तसेच ठेवून पेटी बंद केली, तर गोटीच्या आतल्या चौकोनात, जेथे मुलामा पातळ असतो, तांबूस गंज धरतो. माझ्या १४ आणि १९ च्या गोट्यांत तो धरला होता. आता आम्ही पेटी उघडी ठेवून हत्यारे घराच्या उष्णतेला येऊ देतो आणि मग तेलाच्या फडक्याने पुसतो.

नव्या, मेट्रिक मापाच्या इंजिनावर, फवारणी पंपावर किंवा ट्रॅक्टरच्या अवजारांवर काम करणाऱ्या घरासाठी या किमतीत असा संच घेणे योग्यच आहे, आणि मी तो पुन्हा घेईन. केवळ मोटारसायकल दुरुस्त करायची असेल तर अर्धा इंची ड्राइव्ह जड पडतो; त्यासाठी ३/८ इंची संच पाहावा. दुकानात सहा कोनांच्या गोट्या मागाव्यात, रॅचेटचे झाकण स्क्रूने उघडते की रिबिटने कायमचे बंद आहे ते पाहावे आणि रिबिटचे असेल तर घेऊ नये, १३ व १७ च्या लांब गोट्या त्याच पावतीत घालून घ्याव्यात, आणि शक्य असेल तर खरेदी नोव्हेंबरात, पाणी तोडण्याच्या आधीच करून ठेवावी.